अल-जजरीची खुंटी आणि इंजिनाचा श्वास

दोन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला आमच्या शाळेत मुलांनी भिंतींवर तक्ते लावले होते. मी विज्ञानाचा शिक्षक नाही, उर्दू आणि मराठी शिकवतो. पण इतिहासाची आवड आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे मुस्लिम शास्त्रज्ञांचा तक्ता माझ्या वाट्याला आला. अल-ख्वारिज्मी, इब्न अल-हैथम यांच्यानंतर अल-जजरीचे नाव मी मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आणि खाली एक वाक्य सांगितले: 'मोटारीच्या इंजिनातला कॅमशाफ्ट आठशे वर्षांपूर्वी अल-जजरीने शोधला.' हे वाक्य मला कुठल्याही पुस्तकात मिळाले नव्हते. व्हॉट्सअॅपवर आले होते, आवडले होते, म्हणून खरे वाटले होते.

आठवीतला एक मुलगा तक्त्यासमोर बराच वेळ उभा होता. त्याचा मोठा भाऊ गॅरेजात हेडचे काम करतो. तो मला म्हणाला, "सर, ती खुंटी व्हॉल्व उघडायची का?"

मला कॅमशाफ्ट म्हणजे नेमके काय हेच माहीत नव्हते, तर तो काय उघडतो हे कुठून ठाऊक असणार? मी शिक्षकाला शोभेल असे मोघम उत्तर दिले आणि पुढच्या तक्त्याकडे वळलो. मुलगा काही बोलला नाही, पण त्याला उत्तर मिळाले नव्हते आणि हे आम्हा दोघांनाही कळले होते.

त्या प्रश्नापायी मी दोन वर्षे वाचत राहिलो. आजचा लेख त्याच मुलाला द्यायच्या उत्तराचा आहे. उत्तर लांब आहे, कारण ते दियारबकरच्या दरबारातून निघून फ्रान्स-इंग्लंडच्या शर्यतींपर्यंत जाते. पण सुरुवात कुर्ल्यापासून करतो, कारण मला इंजिन तिथेच समजले.

"इंजन भी सांस लेता है"

माझे मामू कुर्ल्यातल्या एका गॅरेजात आयुष्यभर हेडचे मिस्त्री होते. 'पद्मिनी' त्याच कुर्ल्यात बनायची, आणि मुंबईच्या टॅक्स्या म्हणजे तीच गाडी. १०८९ सीसीचे, सुमारे ४० हॉर्सपॉवरचे इंजिन. मामूंनी किती हेडे उतरवली असतील याचा हिशेब त्यांनाही नाही. मी प्रश्न घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आधी चहा मागवला, मग माझ्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सांस ले." मी घेतला. "रोक. अब छोड. बस्स, इंजन भी सांस लेता है बेटा."

ते खरेच इतके सोपे आहे. पिस्टन खाली जातो तेव्हा पेट्रोल मिसळलेली हवा आत ओढली जाते. वर येतो तेव्हा ती दाबली जाते. ठिणगी पडते, हवा पेटते आणि पिस्टनला खाली ढकलते. पिस्टन पुन्हा वर येतो तेव्हा जळालेला धूर बाहेर जातो. या चार फेऱ्यांत क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो. हवा आत यायची वाट आणि धूर बाहेर जायची वाट ज्या भागात कोरलेली असते, तो म्हणजे सिलिंडर हेड. वाटांच्या तोंडाशी व्हॉल्व असतात. ते कधी उघडायचे, किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे हे कॅमशाफ्ट ठरवतो. तो एक फिरता दांडा, त्यावर अंड्यासारखे उंचवटे. उंचवटा फिरत आला की व्हॉल्व ढकलला जातो, पुढे सरकला की स्प्रिंग त्याला परत बसवते. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो.

इंजिनाला पेट्रोल जास्त पाजणे सोपे असते, जास्त हवा खेचायला लावणे अवघड. म्हणून ज्याला त्याच इंजिनातून जास्त ताकद काढायची असते, तो शेवटी दोनच गोष्टींपाशी येतो, हेड आणि कॅम. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या शर्यतीच्या गाड्यांचा इतिहास बराचसा या दोन गोष्टींचा इतिहास आहे.

जजरीने काय केले, काय नाही

आता मुलाच्या प्रश्नाकडे. बदी अल-जमान अबुल-इज्ज इस्माइल अल-जजरी हा दियारबकरच्या अर्तुकी दरबारातला यंत्रकार. राजा नासिरुद्दीन महमूदच्या सांगण्यावरून त्याने आपल्या यंत्रांचे पुस्तक लिहिले आणि १२०६ मध्ये पुरे केले. त्यात ५० यंत्रे आहेत: पाण्याची घड्याळे, हात धुवायची भांडी, पाणी उपसणारी यंत्रे, कुलुपे. त्या काळची एक प्रत इस्तंबूलच्या तोपकापी ग्रंथालयात आहे. १९७४ मध्ये डोनाल्ड हिल या अभियंत्याने त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि जगाला जजरी नव्याने कळला.

या पुस्तकात एक नाव आहे. तिच्यात लाकडी वादक बसलेले, आणि नाव मेजवानीच्या तळ्यात सोडायची. आतले पाणी ठरावीक वेळाने मोकळे झाले की एक दांडा फिरे, त्यावरच्या खुंट्या तरफांना धक्का देत, आणि वादकांचे हात ढोलावर पडत. ही खुंटी म्हणजे कॅम. याच पुस्तकात दुसरीकडे पाणी उपसायचा पंप आहे, समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचा. त्यात पिस्टन आहेत, पाणी आत ओढायची नळी आहे, आणि व्हॉल्वही आहेत. पण ते व्हॉल्व पाण्याच्या ओढीने आणि दाबाने आपोआप उघडतात आणि मिटतात. त्यांना कोणी खुंटी लावलेली नाही.

म्हणजे बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. खुंटी एका यंत्रात होती, व्हॉल्व दुसऱ्या यंत्रात. एकाच पुस्तकात, पण वेगवेगळ्या पानांवर.

आणि खुंटीही जजरीने पहिल्यांदा शोधलेली नव्हती. पहिल्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या हेरोने पवनचक्कीवर चालणाऱ्या बाजाच्या वर्णनात अशीच खुंटी वापरली आहे. चीनमध्ये हान राजवटीच्या काळापासून पाण्यावर चालणारे कांडायचे हातोडे खुंट्यांनीच उचलले जात. बगदादच्या बनू मूसा भावांनी नवव्या शतकात खुंट्या बसवलेल्या नळकांड्यावर आपोआप वाजणारी बासरी रचली होती. जजरी त्या साखळीतला एक मोठा दुवा आहे, पण साखळीची सुरुवात तो नाही.

मग त्याचे मोठेपण कशात? माझ्या मते दोन गोष्टींत. एक म्हणजे, त्याने मापे लिहिली. कुठला पत्रा किती लांब, कुठले भोक कुठे, आधी काय जोडायचे, मग काय. दुसरा कारागीर ते वाचून यंत्र उभे करू शकेल असे लिहिले. दुसरे म्हणजे, अमलात आणून न पाहिलेल्या इल्मावर त्याचा विश्वास नव्हता, आणि हे त्याने प्रस्तावनेतच बजावले आहे. करून न पाहिलेल्या विद्येबद्दल ती खरी की खोटी हे सांगता येत नाही, अशी त्याची भूमिका. माझ्या तक्त्यावरचे वाक्य त्याच प्रकारातले होते. जजरीच्या नावाने मी तेच केले जे जजरीला नापसंत होते.

खुंटी आणि व्हॉल्व एकत्र येतात

गंमत अशी की मोटारीची सुरुवातीची इंजिनेही जजरीच्या पंपासारखीच होती. जर्मनीत गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये केलेल्या छोट्या इंजिनात धूर सोडणारा व्हॉल्व कॅमने उघडायचा, पण हवा घेणारा व्हॉल्व पिस्टनच्या ओढीने आपोआप उघडायचा. फ्रान्सच्या द दियों-बूतों कंपनीची इंजिनेही अशीच होती. इंजिन सावकाश फिरत असेल तर हे चालते. वेग वाढला की गोंधळ होतो. कमजोर स्प्रिंग लावली तर व्हॉल्व वेळेवर मिटत नाही, आणि जोरदार लावली तर नीट उघडत नाही.

मायबाखने १९०१ च्या मर्सिडीज ३५ हॉर्सपॉवर गाडीत हवेचा व्हॉल्वही कॅमच्या ताब्यात दिला. श्वास कधी घ्यायचा हे आता इंजिनाच्या मर्जीवर राहिले नाही, ते बनवणाऱ्याच्या हातात आले. त्या वर्षी नीसच्या शर्यतींत या गाडीने बाकीच्या गाड्यांना जुने ठरवले. खुंटी आणि व्हॉल्व दोघेही शतकानुशतके जगात होते. त्यांची नेमकी गाठ घातली की काय होते, ते तिथे दिसले.

ज्यांना 'भोंदू' म्हटले गेले

यानंतर दहा वर्षे शर्यतीतल्या लोकांचा समज होता की ताकद हवी तर इंजिन मोठे करा. १९१२ च्या फ्रेंच ग्राँ प्रीला फियाटने तब्बल १४ लिटरचे इंजिन आणले. प्युजोने आणले ७.६ लिटरचे, म्हणजे जेमतेम निम्म्याहून थोडे मोठे.

या प्युजोमागची माणसे मला फार आवडतात. झ्यूल गू, जॉर्ज ब्वालो आणि पाओलो झुकारेल्ली हे तिघे शर्यतीचे ड्रायव्हर. त्यांनी मालकाला गळ घातली की आम्हाला थोडे पैसे द्या, आम्ही वेगळी गाडी करून दाखवतो. त्यांच्या सोबतीला स्विस अभियंता अर्नेस्ट आन्री होता. कंपनीतल्या बाकीच्या अभियंत्यांनी या टोळीला नाव ठेवले 'शार्लतां', म्हणजे भोंदू. गाडी हाकणाऱ्यांनी इंजिन रचायचे म्हणजे काय!

त्यांनी केले ते असे. दर सिलिंडरला दोनऐवजी चार व्हॉल्व. मोठ्या दोन दारांऐवजी लहान चार दारे, म्हणजे हवेला वाट जास्त आणि प्रत्येक व्हॉल्व हलका. आणि हेडच्या वरच दोन कॅमशाफ्ट, एक हवेच्या व्हॉल्वांसाठी, दुसरा धुराच्या. खालून लांब दांड्यांनी ढकलण्याची भानगडच कमी झाली. दिएपच्या रस्त्यांवर दोन दिवस चाललेल्या त्या शर्यतीत ब्वालो पहिला आला, १४ लिटरची फियाट मागे राहिली. पुढच्या वर्षी गूने अमेरिकेतली इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली. दर सिलिंडरला चार व्हॉल्व आणि वर दोन कॅम ही मांडणी आज रस्त्यावरच्या साध्या गाड्यांतही असते.

ही कल्पना त्यांपैकी नेमकी कोणाची यावर इतिहासकार अजूनही वाद घालतात. वाद घालोत. मला भावते ते पुढचे. यातली एक प्युजो १९१५ मध्ये लॉस एंजेलिसला हॅरी मिलरच्या कारखान्यात दुरुस्तीला आली. तिथल्या लोकांनी ती उघडली, मापे घेतली, समजून घेतली. त्यातून मिलरची इंजिने आली, त्यांतून ऑफनहाउझर आले, आणि ऑफनहाउझरच्या इंजिनाने इंडियानापोलिसची शेवटची शर्यत १९७६ मध्ये जिंकली. एका दुरुस्तीच्या कामातून साठ वर्षांची परंपरा. आपल्याकडच्या उस्तादांच्या हाताखालचे शागिर्दही असेच शिकतात, आलेली गाडी उघडून.

मोठे भोक म्हणजे जास्त हवा नव्हे

आता मामूंच्या गॅरेजातल्या एका वस्तूविषयी सांगतो. त्यांच्या बाकाखाली एक जुने हेड पडलेले असायचे. नवा पोरगा कामाला लागला की मामू त्याला सांगत, या हवेच्या वाटेत बोट घाल. बोट आत फिरवले की एका जागी भोक लागायचे. तारुण्यात मामूंकडे एका हौशी माणसाने आपली गाडी आणली होती, 'पळाली पाहिजे' म्हणून. मामूंनी हेड उतरवले आणि दगडाने हवेची वाट घासायला घेतली. जितकी मोठी वाट, तितकी जास्त हवा, असा साधा हिशेब. घासता घासता भिंत पातळ झाली आणि दगड पाण्याच्या जागेत गेला. हेड भंगारात. नव्या हेडाचे पैसे मामूंच्या पगारातून दोन वर्षे कापले गेले.

"भोक पडले नसते तरी गाडी पळाली नसती," मामू म्हणतात. कारण वाट वाजवीपेक्षा मोठी झाली की हवेचा वेग मंदावतो. अरुंद बोळातून वारा जोरात येतो, मैदानात पसरतो. मंद हवा पेट्रोल नीट उचलत नाही, सिलिंडर नीट भरत नाही. वाटेची रुंदी तितकी महत्त्वाची नसते, जितका तिचा आकार. हवा वळते कुठे, व्हॉल्वच्या मागे, सीटच्या काठावर, व्हॉल्वच्या गाईडभोवती अडते कुठे. शिवाय व्हॉल्व जितका उचलला जाईल तितकीच फट मिळते. व्हॉल्व आपल्या व्यासाच्या चौथ्या हिश्श्याइतका उचलला की भोवतालची फट व्हॉल्वच्या तोंडाइतकी होते. त्यापुढे नुसते उचलून फारसा लाभ नाही, अडचण वाटेतच असेल तर.

हे अंदाजाने कळत नाही, मोजावे लागते. इंग्लंडच्या हॅरी वेस्लेकने आयुष्य या मोजण्यात घालवले. हेडमधून हवा सोडायची आणि किती जाते ते मापायचे, मग थोडे घासून पुन्हा मापायचे. जॅग्वारच्या एक्सके इंजिनाच्या हेडमागे त्याचा हात होता, आणि त्या इंजिनाच्या गाड्यांनी १९५१ ते १९५७ या काळात ल माँची २४ तासांची शर्यत पाचदा जिंकली. ऑस्टिनच्या छोट्या ए-सिरीज इंजिनातली बदामाच्या आकाराची ज्वलनाची जागाही त्याचीच.

या ए-सिरीजची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. तिचे हेड खरे तर अडचणीचे. चार सिलिंडर, पण हवेच्या वाटा दोनच. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका वाटेवर, तिसरा आणि चौथा दुसऱ्या. शेजारी शेजारी नळावर दोन बादल्या लावाव्यात तसे. एकाने ओढली की दुसऱ्याचा वाटा कमी. तरीही १९५९ च्या मिनीतले हे ८४८ सीसीचे, ३४ हॉर्सपॉवरचे इंजिन १९६१ च्या मिनी कूपरमध्ये ९९७ सीसीचे आणि ५५ हॉर्सपॉवरचे झाले. हिशेब करा: आकार सुमारे १८ टक्क्यांनी वाढला, ताकद सुमारे ६२ टक्क्यांनी. जास्तीची ताकद आली ती मोठ्या व्हॉल्वांतून, दोन कार्बोरेटरांतून, वाढवलेल्या दाबातून आणि बदललेल्या कॅममधून. विल्टशर परगण्यातल्या डाउंटन गावात डॅनियल रिचमंड नावाचा माणूस याच हेडांवर हाताने काम करी. ते इतके चांगले होते की खुद्द कंपनीने त्याचा सल्ला घेतला.

१९६४ मध्ये पॅडी हॉपकर्कने कूपर एस घेऊन मोंटे कार्लो रॅली जिंकली, फोर्डची आठ सिलिंडरांची फाल्कन दुसरी आली. त्या स्पर्धेत लहान इंजिनांना हिशेबात सवलत होती, हे सांगितले पाहिजे. अर्धी गोष्ट सांगायची सवय मला आता मोडायची आहे. पण सवलत असली तरी बर्फाळ घाट त्या गाडीलाच चढायचे होते.

कॅम बदलला की काय बदलते

हेडाइतकाच कॅमचाही मोह असतो. हवा आत घ्यायची फेरी म्हणजे क्रँकचे १८० अंश. पण हवेलाही वजन असते. धावत आलेली हवा पिस्टन वर फिरू लागला तरी थोडा वेळ आत घुसत राहते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीतही व्हॉल्व साधारण २३० ते २५० अंश उघडा ठेवतात. शर्यतीच्या कॅममध्ये हा आकडा ३०० च्या आसपास जातो. इंजिन वेगात फिरत असताना त्याचा फायदा होतो. तेच इंजिन चौकात सिग्नलला उभे राहिले की आत आलेली हवा पिस्टन परत ढकलून देतो, धूर आणि ताजी हवा मिसळतात, इंजिन थरथरते, गाडी उठत नाही. वरच्या वेगाला जे दिले, ते खालच्या वेगातून काढून घेतलेले असते.

म्हणून नुसता कॅम आणून बसवणे हे काम नव्हे. स्प्रिंगा कडक लागतात, नाहीतर वेगात व्हॉल्व कॅमच्या मागे राहतात. वर आलेला पिस्टन उघड्या व्हॉल्वला भिडला तर दोन्ही गेले. जाणकार मिस्त्री पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली क्ले ठेवून, हेड बसवून, इंजिन हाताने फिरवतात आणि मग क्लेवर उमटलेला ठसा मोजतात. अंश कोरलेली चकती क्रँकला लावून कॅमची वेळ जुळवतात. कॅम, हेड, स्प्रिंगा, कार्बोरेटर, सायलेन्सरचा पाइप: सगळ्यांची भूक सारखी असावी लागते. एकच भाग फार मोठा झाला तर तो बाकीच्यांवर ओझे होतो.

डकवर्थ आणि तुटलेले दात

कॅम आणि हेड दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात बसले ते कीथ डकवर्थच्या. १९५८ मध्ये त्याने आणि माइक कॉस्टिनने लंडनमध्ये कॉसवर्थ ही छोटी कंपनी काढली. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून हे नाव केले. त्यांनी हात घातला फोर्ड अँग्लियाच्या ९९७ सीसीच्या घरगुती इंजिनाला. मूळ ताकद ३९ हॉर्सपॉवर. या हेडला एक देणगी होती, प्रत्येक सिलिंडरला हवेची स्वतंत्र वाट. डकवर्थने स्वतः हिशेब करून नव्या आकाराचा कॅम आखला, वाटा नीट केल्या, आणि १९६० मध्ये शर्यतीत तेच इंजिन सुमारे ७५ हॉर्सपॉवर देऊ लागले. जिम क्लार्कसारखा ड्रायव्हर त्यावर जिंकू लागला.

पुढे फोर्डने एक लाख पौंड दिले आणि डकवर्थने दोन इंजिने केली. आधी, १९६६ मध्ये, फोर्डच्या कोर्टिनाच्या बाजारी ब्लॉकवर चार व्हॉल्वांचे नवे हेड बसवले. मग त्याच विचारावर आठ सिलिंडरांचे, २९९३ सीसीचे डीएफव्ही. त्याच्या आधी शर्यतीच्या इंजिनांत हवेचे आणि धुराचे व्हॉल्व एकमेकांपासून बरेच कलते ठेवत. डकवर्थने हा कोन ३२ अंशांवर आणला. त्यामुळे ज्वलनाची जागा चपटी आणि आटोपशीर झाली, हवा सरळ उतरू लागली, पेटण्याआधी आतल्या आत घुसळली जाऊ लागली. ९००० फेऱ्यांना सुमारे ४०० हॉर्सपॉवर. ९००० फेऱ्या म्हणजे प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला ७५ वेळा उघडणार आणि मिटणार. जजरीच्या ढोलकऱ्याचा हात आठवून पाहा.

४ जून १९६७ ला हॉलंडच्या झांडफूर्टला हे इंजिन पहिल्यांदा उतरले. ग्रॅहम हिल सगळ्यांत पुढून निघाला, पण थोड्याच वेळात कॅम फिरवणाऱ्या दात्यांच्या चाकाचे दात तुटून थांबला. त्याचा साथी जिम क्लार्क मात्र जिंकला. पहिल्याच दिवशी विजय मिळाला असताना तुटलेले दात विसरणे सोपे होते. डकवर्थ विसरला नाही. कॅम फिरताना वळणाचे हिसके बसतात, ते हिसके पचवायला त्याने नंतर चाकाच्या आत लवचीक सांधा बसवला. त्या इंजिनाने १९८३ पर्यंत १५५ ग्राँ प्री शर्यती जिंकल्या.

कॅमची जुनी पेचाची गोष्ट, वेग हवा की शांतपणा, तिच्यावर होंडाने १९८९ मध्ये इंटिग्रा गाडीत एक उत्तर काढले. एकाच दांड्यावर दोन स्वभावांचे उंचवटे: गावातल्या वेगाला सौम्य, वर गेल्यावर तेलाच्या दाबाने एक खीळ सरकते आणि मोठ्या उंचवट्याचा अंमल सुरू होतो. १.६ लिटरमधून १६० हॉर्सपॉवर, आणि सिग्नलला गाडी शांत.

तक्ता पुन्हा लिहिताना

मला हे सगळे वाचताना सारखे वाटत राहिले की मामूंच्या हेडातले भोक आणि माझ्या तक्त्यावरचे वाक्य एकाच जातीचे. मामूंना वाटले, वाट मोठी केली की गाडी पळेल. मला वाटले, दावा मोठा केला की मुलांची मान ताठ होईल. आपल्या मुलांना रोज काही ना काही ऐकावे लागते, त्यांना अभिमान वाटावा असे काही द्यावे ही माझी इच्छा खोटी नव्हती. पण घासून घासून मी भिंत पातळ केली होती. गॅरेजातल्या एका पोराच्या भावाने बोट घातले आणि भोक लागले. बाहेरच्या कोणी घातले असते तर अख्खा तक्ताच खोटा ठरला असता, अल-ख्वारिज्मी आणि इब्न अल-हैथमसकट.

खरी गोष्ट कमी अभिमानाची नाही. हेरोची खुंटी, चीनचे हातोडे, बनू मूसाची बासरी, जजरीची मापे, मायबाखचा व्हॉल्व, 'भोंदू' ड्रायव्हर, मिलरचा कारखाना, डकवर्थ. यातला प्रत्येकजण दुसऱ्याचे घेऊन पुढे गेला. जजरीने त्यात जे घातले ते आपल्याला पुरेसे आहे: करून पाहा, मोजा, आणि दुसऱ्याला करता येईल असे लिहून ठेवा. हा वारसा सांगण्याचा हक्क आपल्याला आहे, पण तो पाळला तरच.

यंदाच्या विज्ञान दिनाला मी तोच तक्ता पुन्हा करायला घेतला. तो मुलगा आता दहावीत आहे. त्याला बोलावले, जुने वाक्य त्याच्यासमोर खोडले आणि सांगितले की त्या दिवशी तुझा प्रश्न बरोबर होता आणि मला उत्तर येत नव्हते. तो जरा लाजला. मग नवे वाक्य त्यानेच लिहिले: 'कॅम जजरीच्या आधीपासून होता. जजरीने तो कसा बनवायचा ते मापांसह लिहिले. व्हॉल्वला तो नंतर लागला.' खाली त्याने भावाकडून आणलेला झिजलेला कॅमशाफ्ट सुतळीने बांधून टांगला.

दिवसभर मुले येत होती आणि त्या उंचवट्यांवरून बोट फिरवत होती.